पडदा हेडफोनवर की कानात?

सेनहायझर या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये बाजारात आणलेला एचडी ६०० आणि त्याच्या पाठोपाठ २००३ मध्ये आलेला एचडी ६५० हे दोन हेडफोन ध्वनिरसिकांच्या जगात जितके वाखाणले गेले, तितकीच त्यांच्यावर एका विशिष्ट शब्दाने टीकाही झाली, आणि तो शब्द म्हणजे ‘पडदा’. गाणाऱ्याचा गळा या हेडफोनवर जितका खरा वाटतो तितका दुसऱ्या कशावरही वाटत नाही, असे एक पक्ष वर्षानुवर्षे सांगत आला. तर त्याच हेडफोनवर गायक आणि श्रोता यांच्यामध्ये कुणी तरी पातळ कापड टांगून ठेवल्यासारखे वाटते, असे दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे म्हणत आला. दोन्ही पक्षांत कान तयार असलेली माणसे होती, ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातली माणसे होती, आणि कुणी खोटे बोलत असल्याचे कारणही दिसत नव्हते. वस्तू तीच, गाणे तेच आणि निकाल मात्र उलटे, असा हा पेच आहे.

ज्याला इंग्रजीच्या प्रभावाने आज सर्रास ‘ऑडिओफाइल’ म्हटले जाते तो ध्वनिरसिक गाण्याइतकाच ते गाणे वाजवणाऱ्या यंत्रावर प्रेम करणारा श्रोता असतो, आणि त्याच्या वर्तुळात असे पेच नित्याचेच असतात. ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून ते सोडून देणे सोपे आहे. तसेच ‘हे सगळे मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणेही सोपे आहे. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. हेडफोनविषयीच्या मतभेदांपैकी काही शरीररचनेतून येतात आणि ते मोजता येतात, काही खरोखरच आवडीचे असतात, आणि काही मात्र डोळ्यांतून व पाकिटातून कानात उतरलेले असतात. या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे वाद मिटत नाहीत. पहिल्या दोन प्रकारच्या मतभेदांना मान देणे आवश्यक आहे. तिसऱ्याला तो मान देण्याचे कारण नाही.

मुळात हेडफोन हे असे उपकरण आहे की ते कानावर चढेपर्यंत पुरे होतच नाही. स्पीकरमधून निघालेला ध्वनी खोलीत पसरतो, भिंतींवरून परततो, ऐकणाऱ्याच्या डोक्याला आणि खांद्यांना वळसा घालतो, कानाच्या पाळीच्या वळ्यांमध्ये खेळतो आणि मग कर्णनलिकेतून कानाच्या पडद्यापर्यंत पोचतो. कर्णनलिका ही सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी आहे, आणि अशा नळीत बासरीप्रमाणेच एका ठरावीक वारंवारतेचा ध्वनी आपोआप मोठा होतो. या घटनेला अनुस्पंदन म्हणतात, तर वारंवारता म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, जी हर्ट्‌झ या एककात मोजतात. नुसत्या नळीचा हिशेब केला तर हे अनुस्पंदन ३४०० हर्ट्‌झच्या आसपास येते. प्रत्यक्षात कानाच्या तोंडाशी असलेल्या शिंपल्यासारख्या खोलगट भागाची भर पडून ते २५०० ते ३००० हर्ट्‌झच्या दरम्यान स्थिरावते. तिथे कानाच्या पडद्यावरचा ध्वनी बाहेरच्या ध्वनीपेक्षा दहा ते पंधरा डेसिबलने वाढलेला असतो. मेंदू जन्मापासून हाच वाढीव ध्वनी ऐकत आलेला असल्याने त्याला ती वाढ जाणवत नाही. उलट ती नसेल तर काही तरी हरवल्यासारखे वाटते.

यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. ॲम्प्लिफायर चांगला म्हणजे सर्व वारंवारतांना सारखा न्याय देणारा, आलेखावर सरळ रेषा काढणारा. पण कानाच्या पडद्याशी मोजल्यावर सरळ रेषा काढणारा हेडफोन ऐकायला दबलेला आणि कोंदट लागतो. हेडफोनने खोली, डोके आणि कानाची पाळी यांपैकी बरेचसे टप्पे गाळलेले किंवा बदललेले असतात, त्यामुळे त्या टप्प्यांची नक्कल त्याच्या आवाजातच आधी घालून ठेवावी लागते. ती नक्कल किती आणि कोणत्या परिस्थितीची करायची, यावर तज्ज्ञांचेही एकमत व्हायला फार वेळ लागला, आणि आजही ते पूर्ण झालेले नाही.

सुरुवातीचा विचार असा होता की प्रतिध्वनी नसलेल्या जागेत समोरून येणारा ध्वनी कानाच्या पडद्याशी जसा असेल, तसा हेडफोनने द्यावा. म्युनिकच्या प्रसारण-तंत्र संस्थेतील ग्युंटर थाइले यांनी १९८६ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकातून वेगळी बाजू मांडली. हेडफोनचा ध्वनी समोरून आल्यासारखा वाटतच नाही, मग समोरच्या दिशेची नक्कल कशासाठी, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याऐवजी सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात येणाऱ्या ध्वनीचा, म्हणजे विसरित ध्वनिक्षेत्राचा, आदर्श त्यांनी पुढे ठेवला. स्टुडिओंमधल्या अनेक युरोपीय हेडफोनांवर या विचाराची छाप दीर्घकाळ राहिली. मात्र सामान्य श्रोत्याला असे हेडफोन अनेकदा पातळ आणि जरा तिखट वाटत, कारण माणसे गाणी ऐकतात ती प्रतिध्वनींच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर गालिचे, पडदे आणि सोफे असलेल्या खोल्यांत, जिथे उच्च ध्वनी शोषले जातात आणि खालचे ध्वनी भिंतींमुळे फुगतात.

हीच गोष्ट धरून हर्मन या अमेरिकी कंपनीतील शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून प्रयोगांची एक मालिकाच केली. चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले स्पीकर कानाच्या पडद्याशी कसा ध्वनी पोचवतात हे त्यांनी आधी मोजले, तोच आकार हेडफोनला दिला, आणि मग श्रोत्यांच्या हातात दोन खुंट्या दिल्या: एक खर्जाची, दुसरी उच्च ध्वनीची. बहुतेकांनी या खुंट्या फिरवून जिथे आणून सोडल्या, त्यांच्या सरासरीतून आज ‘हर्मन लक्ष्यरेषा’ म्हणून ओळखला जाणारा आलेख तयार झाला. या रेषेत ३००० हर्ट्‌झजवळ कानाच्या अनुस्पंदनाचा डोंगर आहे, आणि १०० हर्ट्‌झच्या खाली काही डेसिबलचा उठाव आहे. स्पीकरचा खर्ज छातीवर आणि पायांखालच्या जमिनीतूनही जाणवतो, हेडफोनवर तो स्पर्श मिळत नाही, म्हणून त्याची भरपाई कानातून मागितली जाते, असे या उठावाचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

मात्र या संशोधनातला सर्वांत बोलका भाग सरासरीचा नाही. २०१९ मध्ये याच गटाने श्रोत्यांची पसंतीनुसार विभागणी केली, तेव्हा सुमारे ६४ टक्के श्रोत्यांना लक्ष्यरेषेच्या जवळचा आवाज आवडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त खर्ज हवा होता, आणि २१ टक्क्यांना कमी. जास्त खर्ज मागणाऱ्यांत तरुण पुरुषांचा भरणा होता, तर कमी मागणाऱ्यांत स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले श्रोते अधिक होते. याचा अर्थ असा की दर तीन श्रोत्यांमागे एकाला तरी सर्वमान्य ‘उत्तम’ हेडफोन पूर्णपणे पटणार नाही, आणि त्यात त्याच्या कानाचा वा बुद्धीचा काही दोष नसेल. हा खराखुरा आवडीचा प्रांत आहे. पण त्याला सीमा आहेत. श्रोत्यांची पसंती चहूकडे विखुरलेली नाही, ती एका मध्याभोवती गोळा झालेली आहे. म्हणून ‘आवाजाला मोजमाप नसते’ हे लोकप्रिय विधान चुकीचे ठरते.

आता शरीररचनेकडे. बोटांच्या ठशांप्रमाणे कानाची पाळीही माणसागणिक वेगळी असते, आणि तिचे वळसे ज्या ध्वनींना घडवतात ते साधारण ३००० ते ४००० हर्ट्‌झच्या वरचे असतात. परिणामी एकाच हेडफोनचा खर्ज आणि मध्यम पट्टा दोन माणसांच्या कानांत बऱ्यापैकी सारखा पोचला तरी ६००० किंवा ८००० हर्ट्‌झला त्यांच्या कानाच्या पडद्यांवर कित्येक डेसिबलचा फरक पडू शकतो. एकाला ‘स’ आणि ‘श’ टोचतात आणि दुसऱ्याला ते जेमतेम ऐकू येतात, तेव्हा दोघेही आपापल्या कानाशी प्रामाणिक असतात. मराठी श्रोत्याला याची परीक्षा घरच्या घरी घेता येते, कारण ‘चाक’मधल्या दंत्य ‘च’चा फुत्कार आणि ‘चंद्र’मधल्या तालव्य ‘च’चा घासटा उच्चार यांतला फरक याच वरच्या पट्ट्यात राहतो. ज्या हेडफोनवर हा फरक पुसला जातो तो तिथे दबलेला, आणि ज्यावर दंत्य ‘च’ चिमटा काढतो तो तिथे फुगलेला समजावा, अर्थात त्या एका श्रोत्यापुरता.

खर्जाचे गणित पाळीपेक्षा गादीवर अवलंबून असते. हेडफोनची गादी गालाला आणि कानामागच्या हाडाला नीट टेकली नाही की फटीतून खालचे ध्वनी निसटतात. चष्म्याची काडी, दाट केस, कानातले दागिने, जबड्याचा आकार यांपैकी काहीही ही फट पाडायला पुरेसे असते. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये ही गळती फार जाणवते. ‘या हेडफोनला खर्जच नाही’ असे सांगणाऱ्या परीक्षकाला चष्मा आहे का, हे विचारणे थट्टेचे वाटले तरी शास्त्राला धरून आहे.

यंत्राने मोजले म्हणजे वाद मिटेल, अशी आशा अनेकांना असते. मोजण्यासाठी कृत्रिम कान आणि कृत्रिम डोके वापरतात. १९७२ मध्ये आलेले ‘केमार’ हे त्यांतले प्रसिद्ध धड-डोक्याचे पुतळे. या पुतळ्यांच्या कानात मानवी कर्णनलिकेसारखा ध्वनिरोध देणारी धातूची पोकळी असते आणि तिच्या तळाशी मायक्रोफोन. परंतु फार काळ प्रमाण मानली गेलेली ही पोकळी १०,००० हर्ट्‌झच्या वर खऱ्या कानाशी फारशी इमान राखत नाही, आणि नव्या रचनेच्या पुतळ्यांवर घेतलेले आलेख जुन्यांशी जुळत नाहीत. त्यातून पुतळा हा सरासरी माणूस असतो, आणि सरासरी कान असलेला माणूस शोधून सापडणे कठीण. तरीही हे आलेख निरुपयोगी नाहीत. हेडफोनचे ढोबळ स्वरूप ते कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक विश्वासाने सांगतात. फक्त ८००० हर्ट्‌झच्या पुढच्या एखाद्या शिखरावरून भांडणे म्हणजे नकाशावरच्या रेषेच्या जाडीवरून शेताचा बांध ठरवण्यासारखे आहे.

ऐकण्याची पातळी हा मतभेदांचा आणखी एक मोठा आणि बहुतेकदा दुर्लक्षित राहणारा उगम आहे. बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कानाची संवेदनशीलता वारंवारतेप्रमाणे बदलते, आणि हा बदल ध्वनी किती मोठा आहे त्यावर अवलंबून असतो. हळू आवाजात १०० हर्ट्‌झचा ध्वनी १००० हर्ट्‌झच्या ध्वनीइतकाच मोठा वाटावा यासाठी त्याला वीस डेसिबलहून अधिक जोर द्यावा लागतो. आवाज वाढवत नेला की ही दरी अरुंद होत जाते. म्हणजे रात्री घरातली माणसे निजल्यावर हळू आवाजात ऐकणारा आणि दुपारी मोठ्याने ऐकणारा, हे दोघे एकाच हेडफोनच्या खर्जाविषयी वेगळे मत देणार, हे ठरलेलेच आहे. दोन हेडफोनांची तुलना करताना त्यांची पातळी जुळवून घेतली नाही, तर जो किंचित मोठा वाजतो तोच अधिक स्पष्ट, अधिक जिवंत वाटतो. ‘मोठा’ असे मात्र कुणी म्हणत नाही. दुकानात घाईने केलेल्या बहुतेक तुलना या एकाच कारणाने फुकट जातात.

यालाच जोडून सवयीचा प्रश्न येतो, आणि इथे सुरुवातीच्या पडद्याचे बरेचसे कोडे उलगडते. एचडी ६५० चा आलेख पाहिला तर त्याचा मध्यम पट्टा, म्हणजे मानवी आवाजाचा मुख्य प्रदेश, लक्ष्यरेषेच्या फार जवळ आहे. १०० हर्ट्‌झच्या जरा वर त्याला हलकासा फुगवटा आहे, सर्वांत खालचा खर्ज उतरता आहे, आणि उच्च पट्टा नेमस्त आहे. ब्रुकलिनच्या ग्राडो कंपनीचे हेडफोन किंवा बायरडायनॅमिकचा डीटी ९९०, ज्याला ८००० हर्ट्‌झच्या आसपास ठळक शिखर आहे, हे याच्या उलट स्वभावाचे म्हणजे उजळ आवाजाचे आहेत. पेढा खाल्ल्यावर चहा अगोड लागतो, तशी त्यांच्यावरून थेट एचडी ६५० वर येणाऱ्याची गत होते. कान काही दिवसांत नव्या तोलाला रुळतो, आणि मग जुना उजळ हेडफोनच बोचरा वाटू लागतो. नवा हेडफोन शे-दोनशे तास वाजवून ‘मुरवला’ की सुधारतो, या समजुतीतही मुरण्याचा मोठा वाटा श्रोत्याच्या कानाचा असतो. गाद्या मऊ होऊन नीट टेकू लागतात, तो उरलेला वाटा.

या सर्वांवर शब्दांचा गोंधळ कळस चढवतो. उबदार, कोरडा, मोकळा, भरीव, कणीदार, पारदर्शक ही विशेषणे ध्वनीची नाहीत, ती स्पर्शाची, दृष्टीची आणि चवीची आहेत. त्यांच्या मागे कोणत्या वारंवारता आहेत याबद्दल वापरणाऱ्यांचाही करार झालेला नाही. हिंदुस्थानी संगीताच्या परंपरेने याबाबतीत जास्त काटेकोरपणा दाखवला आहे. तानपुऱ्याची जवारी लागली आहे की नाही, ही गोष्ट मोघम नाही: घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर तार घासत राहते, तारेखाली सरकवलेला सुताचा धागा तो स्पर्श नेमका ठरवतो, आणि त्यातून मूळ स्वराच्या पटींतल्या वारंवारतांची, म्हणजे उपस्वरांची, समृद्ध रांग उमलते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०च्या सुमारास या घोडीच्या करामतीचा भौतिकीच्या अंगाने अभ्यास केला होता. ज्या हेडफोनला २००० ते ५००० हर्ट्‌झदरम्यान उठाव असतो तो जवारी पुढे आणतो, तानपुरा जणू गायकाच्या शेजारी सरकतो. ज्याचा तोच पट्टा दबलेला असतो तो तिला मागच्या भिंतीपाशी नेऊन बसवतो. डग्ग्याची घुमार याच्या दुसऱ्या टोकाला, १०० हर्ट्‌झच्या आसपास आणि खाली राहते, आणि तिथल्या फुगवट्याने ठेक्याचा आकार बिघडतो. ‘उबदार’ या शब्दापेक्षा ‘जवारी मागे पडली, डग्गा सुजला’ हे वर्णन कितीतरी उपयोगी आहे.

पण तुलना करायची ती कशाशी, हाही प्रश्न उरतोच. ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाने ते त्याच्या स्टुडिओतल्या स्पीकरांवर ऐकून तोलले. ते स्पीकर स्वतः कुणा दुसऱ्या ध्वनिमुद्रणांवर पारखून बनवले गेले. आणि श्रोता आता त्याच ध्वनिमुद्रणावरून हेडफोन पारखतो. या चक्राला ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी ‘गोंधळाचे वर्तुळ’ असे नाव दिले आहे. केसरबाई केरकर यांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर वरच्या पट्ट्यात गाण्यापेक्षा सुईची खरखर जास्त असते, म्हणून तिथे उजळ हेडफोन गायिकेऐवजी तबकडीचे दर्शन घडवतो आणि ‘पडदा’ असलेला हेडफोन उपकारक ठरतो. आजचे, जवळ धरलेल्या मायक्रोफोनवर केलेले ध्वनिमुद्रण वाजवले की हीच बाब उलटते. दोन श्रोत्यांचे मत जुळत नाही तेव्हा त्यांच्या संग्रहात कोणत्या काळाचे गाणे आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

हेडफोनवर गाणे डोक्याच्या आत, दोन कानांमधल्या रेषेवर ऐकू येते, ही तक्रार स्टीरिओ हेडफोनइतकीच जुनी आहे. स्पीकरवर डाव्या बाजूचा ध्वनी उजव्या कानालाही, सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतक्या उशिराने आणि जरा मंदावून, पोचतो. हेडफोनवर तो पोचतच नाही. बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्ये हा हरवलेला धागा विद्युत मंडलातून परत जोडण्याची युक्ती सुचवली आणि तिचे वंशज आजही वापरात आहेत. यंत्राच्या बाजूने एकेजी कंपनीच्या के १००० या हेडफोनने १९८९ मध्ये गादीच काढून टाकली आणि ध्वनिपटले, म्हणजे आवाज काढणारे पातळ पडदे, कानांपासून दूर, दोन छोट्या दारांसारखी टांगली. सेनहायझरच्या २००९ मधल्या एचडी ८०० ने मोठ्या वाट्या घेऊन ध्वनिपटल कानाच्या पुढे तिरके बसवले. एचडी ८०० चा ‘ध्वनिमंच’, म्हणजे गाणे डोक्याभोवतीच्या जागेत पसरल्याचा भास, विस्तीर्ण आहे यावर जवळपास एकमत आहे, मात्र ६००० हर्ट्‌झजवळच्या त्याच्या शिखराने काहींना वैभव दिले आणि काहींना डोकेदुखी. पुढच्या एचडी ८०० एस मध्ये कंपनीने ते शिखर एका शोषकाने खाली आणले, तर जुन्याच्या चाहत्यांना नवा मिळमिळीत वाटला. ध्वनिमंच कानाच्या पाळीशी होणाऱ्या खेळातून निर्माण होत असल्याने तो श्रोत्यागणिक बदलतो, आणि या एका गुणाबाबत आलेख अजून फारसे काही सांगू शकत नाहीत. इथे वाद चालू राहणे रास्त आहे.

तिसऱ्या प्रकारच्या मतभेदांकडे वळताना मात्र भाषा थोडी कडक करावी लागते. हेडफोनच्या आधीच्या उपकरणांपैकी ॲम्प्लिफायरचा परिणाम खरा असू शकतो. एचडी ६०० चा संरोध, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, नाममात्र ३०० ओहम असला तरी १०० हर्ट्‌झच्या आसपास तो ५०० च्या पुढे जातो. ज्या निर्वात नळीच्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा संरोध १०० ओहम आहे, त्याच्यावर हा हेडफोन लावला तर त्या ठिकाणचा खर्ज सुमारे एक डेसिबलने उचलला जातो. म्हणजे ‘नळीचा ॲम्प्लिफायर उबदार असतो’ या म्हणण्यात या जोडीपुरते तथ्य आहे. केबलचे तसे नाही. ३०० ओहमच्या हेडफोनला एक ओहमची केबल जोडली तर सगळा ध्वनी डेसिबलच्या तीन शतांशाने कमी होतो, आणि तेवढा फरक कुठल्याही कानाला कळत नाही. चांदीच्या तारेने आवाज ‘रुपेरी’ होतो आणि तांब्याच्या तारेने ‘लालसर उबदार’, हे वर्णन धातूच्या रंगावरून सुचलेले असावे, असा संशय घ्यायला भरपूर जागा आहे.

हा संशय तपासायचा मार्ग म्हणजे अंध चाचणी, ज्यात काय वाजते आहे हे श्रोत्याला ठाऊक नसते. तिचा एक प्रकार असा: ‘अ’ आणि ‘ब’ ऐकवून मग तिसरा नमुना ऐकवायचा आणि तो दोहोंपैकी कोणता हे ओळखायला लावायचे. दहापैकी आठ वेळा बरोबर ओळखणे मोठे वाटते, पण केवळ नाणे उडवूनही आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता साडेपाच टक्के असते. उच्च विभेदनाच्या ध्वनिमुद्रणाला सीडीच्या दर्जावर उतरवल्यास फरक कळतो का, हे पाहण्यासाठी मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये घेतलेल्या चाचणीत ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्मीही भरली नाहीत. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ अभ्यासांची बेरीज केली, तेव्हा हे प्रमाण ५२.३ टक्के निघाले: फरक अस्तित्वात आहे, पण तो इतका नाजूक आहे की त्यावर आयुष्यभराची वैरे पोसण्यात अर्थ नाही.

किंमतीचेही असेच. जेरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची वारंवारता-मापने आणि त्यांच्या किरकोळ किंमती शेजारी ठेवल्या, तेव्हा दोहोंत कसलाही संबंध आढळला नाही. महाग हेडफोनची बनावट, वजन, टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय यांत फरक असू शकतो. आवाजाचा तोल मात्र पैशाच्या प्रमाणात वाढत नाही. टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हर्मनच्याच कर्मचाऱ्यांना काही स्पीकर आधी दिसत असताना आणि मग ध्वनी आरपार जाऊ देणाऱ्या पडद्याआड ठेवून ऐकवले होते. दिसत असताना थोराड, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि छोट्या स्वस्त संचाचे घटले. पडदा ओढताच ती दरी बरीच बुजली. ध्वनिशास्त्रात पडद्याने आवाज स्वच्छ केल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण.

हेडफोनला असा पडदा लावता येत नाही, ही या विषयाची खास अडचण आहे. अर्ध्या किलोचा हेडफोन डोक्यावर चढला की डोळे मिटूनही तो कोणता हे मानेला कळते. मखमलीची गादी आणि चामड्याची गादी गालाला कळते. यावर हर्मनच्या गटाने २०१३ मध्ये आभासी हेडफोनची तोड काढली: सर्वांच्या डोक्यावर एकच हेडफोन ठेवायचा आणि वेगवेगळ्या हेडफोनांचे मोजलेले आवाज संगणकाने त्याच्यातून वाजवायचे. निकाल बरेच जुळून आले. टीकाकारांचा आक्षेप असा की या पद्धतीत वाटीचा आकार, कानापासूनचे अंतर आणि त्यातून येणारा ध्वनिमंच नाहीसा होतो, आणि जे नाहीसे झाले त्याबद्दल चाचणी गप्प बसते. आक्षेप योग्य आहे, फक्त तो केबलच्या बचावासाठी वापरता येणार नाही.

राहता राहिला एचडी ६५०. त्याच्या मखमली गाद्यांच्या आतला स्पंज वापराने दबत जातो, काही वर्षांत गादी चपटी होते, ध्वनिपटल कानाच्या जवळ सरकते, आणि दुकानात ऐकलेल्या कोऱ्या नमुन्यापेक्षा त्याचा आवाज वेगळा होतो. गाद्या बदलून मिळतात. पडद्यावरून वाद घालणाऱ्या दोघांपैकी एकाच्या हेडफोनची गादी नवी आणि दुसऱ्याची पाच वर्षांची असेल, तर ते दोघे एकाच वस्तूबद्दल बोलत आहेत असेही म्हणता येत नाही.